महाराणी चिमणाबाई

बडोद्याचे नाव निघाले की सयाजीराव महाराजांचे नाव सहजच ओठांवर येते. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगावची वाचनालये, विद्वानांना दिलेला आश्रय, तरुण भीमराव आंबेडकरांस अमेरिकेत शिकण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती, या सर्व गोष्टी आपण इतिहासात वाचतो. परंतु या राजाच्या शेजारी त्रेपन्न वर्षे जिचे आसन होते, त्या महाराणीची ओळख फार थोड्यांना असते. तिची कथा केवळ एका राणीची नाही. एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात जाणाऱ्या अनेक मुलींची ती कथा आहे.

खानदेशच्या पश्चिम टोकाला, पांझरेच्या काठी पिंपळनेर आहे. तेथून आग्नेयेस बागलाण ओलांडून गेले की मालेगावनजीक कवळाणे हे लहानसे खेडे लागते. आणि वायव्येस डोंगर उतरून नवापूरच्या पुढे गेले की सोनगडचा किल्ला दिसतो. अठराव्या शतकाच्या आरंभी पिलाजीराव गायकवाडांनी आपल्या सत्तेचा पाया घातला तो या सोनगडावर. आणि पुढे दीडशे वर्षांनी, १८७५ साली, इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले, तेव्हा खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी गादीसाठी मुलगा निवडला तो या कवळाण्याचा. काशीराव गायकवाडांचा गोपाळ नावाचा तो बारा वर्षांचा मुलगा तोवर शेतीभातीत वाढलेला होता. तो बडोद्यास गेला आणि सयाजीराव झाला. म्हणजे पिंपळनेरच्या एका अंगास या घराण्याचा पहिला किल्ला, तर दुसऱ्या अंगास त्याच्या सर्वांत थोर राजाचे जन्मगाव. असो.

राजा झाला की राणी हवी. पूर्वीच्या काळी राजघराण्यांतील विवाह हे केवळ दोन माणसांचे विवाह नसत; ते दोन दौलतींचे नाते असे. १८८० साली सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या भोसले घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी दूर तमिळ मुलखात स्थापिलेले हे राज्य १८५५ साली कंपनी सरकारने खालसा केले होते. परंतु त्या घराण्याचा मान मराठी मुलखात तसाच टिकून होता. लक्ष्मीबाईंबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्यास आले, आणि कावेरीकाठचे नृत्य अशा रीतीने विश्वामित्री नदीच्या तीरावर पोहोचले. सासरी लक्ष्मीबाईंचे नाव बदलले. त्या चिमणाबाई झाल्या. पाचच वर्षांनी, १८८५ मध्ये, क्षयाने त्यांचा अंत झाला. मागे फत्तेसिंहराव नावाचा दोन वर्षांचा मुलगा राहिला.

त्याच वर्षाच्या अखेरीस महाराजांचा दुसरा विवाह झाला. वधू होती माळव्यातील देवास संस्थानचे सरदार बाजीराव घाटगे यांची कन्या गजराबाई. तिचे वय त्या वेळी चौदा वर्षांच्या आसपास होते. तिचेही नाव बदलण्यात आले, आणि जे नवे नाव ठेवले तेही चिमणाबाई असेच! ज्या राजवाड्यात ती आली, तेथे नुकत्याच निवर्तलेल्या राणीचे नाव अजून प्रत्येकाच्या तोंडी होते. तेच नाव तिला मिळाले, तेच आसन मिळाले, आणि त्या राणीचे आईवेगळे लेकरूही तिच्या ओटीत आले. चौदा वर्षांच्या मुलीच्या मनात त्या वेळी काय आले असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी. पुढे लोक या दोघींना ओळखण्यासाठी पहिल्या चिमणाबाई आणि दुसऱ्या चिमणाबाई असे म्हणू लागले. बडोद्यातील न्यायमंदिराची भव्य इमारत पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ महाराजांनी बांधविली आहे. पुष्कळ जण ती दुसऱ्या चिमणाबाईंची समजतात, तो मात्र घोटाळा आहे.

मुलीचे नाव पालटण्याची ही चाल केवळ आपल्याकडचीच होती असे नाही. युरोपच्या उत्तरेस डेन्मार्क नावाचा लहानसा देश आहे. सयाजीरावांचा जन्म झाला त्याच १८६३ साली तेथे नववा ख्रिश्चन राजा गादीवर आला. राज्य लहान, खजिनाही बेताचा. परंतु त्याच्या मुलींना स्थळे आली ती मोठमोठ्या साम्राज्यांची. थोरली अलेक्झांड्रा इंग्लंडच्या युवराजाला दिली. ती पुढे इंग्लंडची राणी झाली. दुसरी डागमार हिचा वाङ्निश्चय रशियाच्या युवराजाशी झाला होता. तो तरुणपणीच वारला, आणि १८६६ साली तिचा विवाह त्याच्या धाकट्या भावाशी झाला. रशियात गेल्यावर तिचा धर्मपंथ बदलला आणि नावही बदलले; डागमारची ती मारिया फ्योदोरोव्हना झाली. तिच्या पित्याला लोक सबंध युरोपचा सासरा म्हणत. सोयरिकीने राज्ये बळकट होतात, ही समजूत डेन्मार्कच्या राजवाड्यात जशी होती तशीच देवास, बडोदे, ग्वाल्हेर आणि कोल्हापूर येथील वाड्यांतही होती. अशा सोयरिकीत मुलींना विचारण्याची रीत मात्र कोठेच नव्हती.

चिमणाबाई सासरी आल्या तेव्हा त्यांचे शिक्षण बेताचेच होते. महाराजांनी स्वतः सिंहासनावर आल्यानंतर अक्षरओळखीपासून आरंभ करून रात्रंदिवस अभ्यास केला होता. विद्येची किंमत त्यांना पक्की ठाऊक होती. त्यांनी राणीसाहेबांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. चिमणाबाईंची बुद्धी तीक्ष्ण आणि स्वभाव करारी होता. त्या मराठी लिहू-वाचू लागल्या, पुढे इंग्रजीही शिकल्या. त्या उत्तम नेम धरीत, शिकारीस जात, टेनिस खेळत. परंतु हे सारे पडद्याच्या आत. राजस्त्रीने परपुरुषाच्या दृष्टीस पडू नये, असा त्या काळचा कडक दंडक होता. गाडीला पडदे, वाड्याला स्वतंत्र जनानखाना. दरबारात गाणे-बजावणे चालले असता स्त्रिया वरच्या सज्जातील जाळीआडून ते पाहत. १८९० साली पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात युरोपातील राजवाड्यांना लाजवील असे वैभव होते. तरी त्या वैभवातही ही जाळी होतीच.

१८८७ साली महाराजांनी प्रकृतिस्वास्थ्यासाठी प्रथम युरोपचा प्रवास केला. चिमणाबाईही त्यांच्यासमवेत निघाल्या. समुद्र ओलांडणे हे त्या काळी पाप समजले जाई, आणि राणीने ओलांडणे हे तर कल्पनेपलीकडचे होते. पुढेही त्यांनी अनेक प्रवास केले. १९०६ साली त्या अमेरिकेत होत्या आणि काही वर्षांनी जपानही त्यांनी पाहिला. राजेरजवाडे परदेशी जात ते बहुधा मेजवान्या आणि शर्यती यांसाठी. चिमणाबाईंची दृष्टी निराळी होती. तेथील स्त्रिया काय शिकतात, कोणते धंदे करतात, संस्था कशा चालवितात, हे त्या बारकाईने पाहत. बडोद्यात पडद्याआड राहणारी ही स्त्री लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये मोकळ्या रस्त्याने चाले. आणि जहाज मुंबईच्या धक्क्याला लागले की पुन्हा पडद्याच्या गाडीत बसे. हा फरक त्यांच्या मनाला सलल्यावाचून कसा राहील?

या निरीक्षणातून १९११ साली त्यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. एस. एम. मित्र यांच्या साहाय्याने लिहिलेले हे इंग्रजी पुस्तक हिंदी जीवनातील स्त्रियांचे स्थान या विषयावर होते. त्यात नुसते गाऱ्हाणे नव्हते. शेती, सहकार, हस्तकला, गृहव्यवस्था, रुग्णसेवा अशा कोणकोणत्या क्षेत्रांत आपल्याकडील स्त्रियांना काम करता येईल आणि त्यासाठी संस्था कशा उभाराव्यात, याचा विचार इतर देशांच्या उदाहरणांसह त्यात केला होता. बडोदे राज्याचे वातावरणही या विचारांना पोषक होते. १९०४ साली तेथे बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय बारा वर्षे ठरले. आज ते वय फारच लहान वाटेल. परंतु त्या काळी एवढ्यावरही मोठी ओरड झाली. १९०६ साली मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण सबंध राज्यात सक्तीचे झाले.

येथवर सर्व सरळ होते. खरी कसोटी निघाली ती घरातच.

चिमणाबाईंना तीन मुलगे आणि एक मुलगी झाली. जयसिंहराव, शिवाजीराव आणि धैर्यशीलराव हे मुलगे. आणि १८९२ साली जन्मलेली इंदिराराजे ही कन्या. एकुलती एक मुलगी, त्यात रूपवान आणि बुद्धिमान. आईबापांनी तिला हौसेने शिकविले, परदेशी प्रवासात बरोबर नेले. तिच्यासाठी स्थळ ठरले ते ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांचे. मराठी राज्यांत बडोदे आणि ग्वाल्हेर ही दोन फार मोठी घराणी. शिंदे महाराज कर्तबगार राजे होते. परंतु ते इंदिराराजेंहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे होते, आणि त्यांची पहिली राणी हयात होती. त्या राणीला मूल नव्हते म्हणून हा दुसरा विवाह व्हावयाचा होता. त्या काळच्या रूढीप्रमाणे यात वावगे असे कोणास काही वाटत नव्हते. वाङ्निश्चय झाला. लग्नाची तयारी सुरू झाली.

डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीस पाचव्या जॉर्ज बादशहाचा दरबार भरला. हिंदुस्थानातील सर्व संस्थानिक तेथे जमले. याच दरबारात सयाजीरावांनी बादशहाला मुजरा करताना ठरीव शिष्टाचार पुरा पाळला नाही म्हणून इंग्रजांनी मोठे काहूर उठविले, हे तुम्ही कोठेतरी वाचाल. बाहेर हे वादळ चालू असता गायकवाडांच्या कुटुंबात दुसरे वादळ आकार घेत होते. इंदिराराजेंची ओळख बंगालच्या उत्तरेकडील कूचबिहार संस्थानचे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्याशी झाली होती, आणि त्यांच्याशीच विवाह करावयाचा असा त्यांनी मनाशी निश्चय केला. एकोणीस वर्षांच्या या राजकन्येने कोणाला न विचारता शिंदे महाराजांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिले आणि ठरलेला विवाह मोडला. आईबापांस ही गोष्ट कळली ती ग्वाल्हेरहून तारेने विचारणा झाली तेव्हा!

बडोद्याच्या राजवाड्यावर जणू वीज कोसळली. दिलेला शब्द मोडला गेला होता. शिंद्यांसारख्या घराण्याचा अवमान झाला होता. जितेंद्रनारायण हे मराठे नव्हते. त्यांचे घराणे ब्राह्म समाजाचे होते. ते राजाचे धाकटे भाऊ, म्हणजे गादीचे वारसही नव्हते. आणि त्यांच्या चैनी राहणीविषयीही लोकांत बोलले जाई. चिमणाबाईंनी मुलीची समजूत घातली, रागे भरल्या, तिच्यावर करडी नजर ठेवली. दीड वर्षाहून अधिक काळ हा झगडा चालला. स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाची शाई अजून वाळली नव्हती, आणि स्वतःची मुलगी स्वतःच्या विवाहाचा निर्णय स्वतः घेऊ लागली तेव्हा त्यांना तो सोसवेना. यासाठी त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु ज्या आईला चौदाव्या वर्षी न विचारता एका घराण्याच्या स्वाधीन केले गेले आणि जिने त्यातूनच आपले सारे आयुष्य निष्ठेने उभारले, तिला मुलीचा हा मार्ग समजणे किती अवघड गेले असेल, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

योगायोग असा की जितेंद्रनारायणांच्या आजोळीही एका पिढीपूर्वी असाच पेच पडला होता. त्यांच्या मातोश्री सुनीतिदेवी या थोर सुधारक केशवचंद्र सेन यांच्या कन्या. विवाहाच्या वेळी मुलीचे वय निदान चौदा वर्षांचे असावे, यासाठी केशवचंद्रांनी खटपट केली आणि १८७२ साली तसा कायदा झाला. पुढे १८७८ मध्ये कूचबिहारच्या राजाचे स्थळ आले, आणि त्यांनी आपली मुलगी चौदा वर्षे पुरी होण्यापूर्वीच दिली. ब्राह्म समाजात त्यावरून फूट पडली.

अखेर आईबापांनी माघार घेतली, पण अर्धीच. १९१३ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये ब्राह्म पद्धतीने इंदिराराजे आणि जितेंद्रनारायण यांचा विवाह झाला. वधूचे वडील मांडवात नव्हते. आईही नव्हती. ज्या मुलीचा विवाह बडोद्यात हत्तीघोड्यांच्या मिरवणुकीने व्हावयाचा, तो परक्या शहरात मोजक्या माणसांत उरकला. त्यानंतर लवकरच जितेंद्रनारायणांचे थोरले बंधू मरण पावले आणि ते कूचबिहारचे राजे झाले.

या प्रसंगाने चिमणाबाईंच्या मनात काय उलथापालथ झाली, ते त्यांनी कोठे लिहून ठेवलेले नाही. परंतु पुढील वर्षी जे घडले ते लक्षात घेण्याजोगे आहे. १९१४ साली चिमणाबाईंनी पडदा सोडला. बडोद्याच्या प्रजेसमोर त्या महाराजांच्या शेजारी उघडपणे येऊन बसल्या. मराठी राजघराण्यातील महाराणीने आपल्याच राजधानीत असे करावे, ही गोष्ट लहान नव्हती. त्याच साली त्यांच्या नावाने बडोद्यात स्त्री उद्योगालय स्थापन झाले. शिवण, भरतकाम यांसारखी कामे शिकून गरीब आणि निराधार स्त्रियांना आपल्या कष्टाची भाकरी मिळावी, हा त्याचा हेतू होता. राजवाड्यातल्या जाळीतून एका राणीने बाहेर येणे आणि शहरातील एखाद्या विधवेच्या हाती चार पैसे पडणे, यांतली दुसरी गोष्ट मोठी मानावयास हवी. चिमणाबाईंनी दोन्ही केल्या.

पुढे १९२७ च्या जानेवारीत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात एक परिषद भरली. मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंनी पुढाकार घेऊन देशाच्या सर्व प्रांतांतील स्त्रियांना स्त्रीशिक्षणाचा विचार करण्यासाठी बोलाविले होते. हीच पुढे अखिल भारतीय महिला परिषद या नावाने प्रसिद्ध झाली. हिच्या पहिल्याच अधिवेशनाच्या अध्यक्षपदी चिमणाबाईंची निवड झाली. मुलींना कोणते शिक्षण मिळावे येथून या परिषदेच्या कामास आरंभ झाला. पण शिक्षणाचा प्रश्न हाती घेताच बालविवाह आणि पडदा यांच्याशी गाठ पडते, हे लवकरच सर्वांना कळून आले. दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज १९३२ साली निघाले ते याच परिषदेच्या प्रयत्नांतून. बडोदे राज्यातही सुधारणा थांबल्या नव्हत्या. १९३१ साली तेथे हिंदू स्त्रीपुरुषांना घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा झाला. देशाच्या इतर भागांना त्यासाठी पुष्कळ वर्षे वाट पाहावी लागली.

बाहेर असा सन्मान होत असता घरात मात्र एकामागून एक आघात होत होते. ज्याला त्यांनी दोन वर्षांचा असताना पदरात घेतले, ते युवराज फत्तेसिंहराव १९०८ सालीच वारले होते. १९१९ मध्ये शिवाजीराव गेले. ते इंग्लंडात ऑक्सफर्डला शिकलेले आणि नामांकित क्रिकेट खेळणारे होते. १९२३ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिकलेले जयसिंहरावही गेले. महाराजांनी १९३९ साली देह ठेवला आणि फत्तेसिंहरावांचे पुत्र प्रतापसिंहराव गादीवर आले. पुढच्याच वर्षी धैर्यशीलराव निवर्तले. एवढे ऐश्वर्य, परंतु तिन्ही मुलगे आईच्या डोळ्यांदेखत गेले.

मुलीशी पडलेले अंतर मात्र काळाने भरून आले. १९२२ साली जितेंद्रनारायण वारले, तेव्हा इंदिरादेवी अवघ्या तीस वर्षांच्या होत्या आणि पदरी पाच मुले होती. थोरला मुलगा सात वर्षांचा होता. तो वयात येईपर्यंत, १९३६ पर्यंत, कूचबिहारचा कारभार इंदिरादेवींनी पाहिला. त्यांची मुले आजोळी बडोद्यास येत. लक्ष्मीविलासच्या लांबलचक दालनांतून ती धावत, आणि आजीच्या शिस्तीचा धाकही त्यांना असे. याच मुलांतील गायत्रीदेवी १९४० साली जयपूरच्या महाराजांशी विवाहबद्ध झाल्या. त्याही प्रेमविवाहच होता, आणि आश्चर्य म्हणजे त्यालाही घरातून प्रथम विरोधच झाला. १९६२ साली त्या लोकसभेवर विक्रमी मतांनी निवडून आल्या.

सोयरिकीचे हे जाळे फार दूरवर पसरले. फत्तेसिंहरावांची एक कन्या कोल्हापूरच्या छत्रपतींच्या घरी गेली, दुसरी सावंतवाडीस. इंदिरादेवींच्या मुलींपैकी एक त्रिपुरेच्या राजघराण्यात, एक जयपूरला, आणि धाकटी मेनकादेवी देवासला. देवास हे गंमतीचे संस्थान होते. एकाच गावात दोन राजे, एक थोरल्या पातीचा, दुसरा धाकट्या पातीचा. मेनकादेवी धाकट्या पातीच्या यशवंतराव पवारांस दिल्या. ज्या देवासहून गजराबाई नावाची चौदा वर्षांची मुलगी बडोद्यास आली होती, त्याच देवासला तिची नात सून होऊन गेली.

राजसत्ता तोवर मावळू लागली होती. १९४९ च्या मे महिन्याच्या पहिल्या दिवशी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९५० च्या आरंभी कूचबिहार पश्चिम बंगालमध्ये. ज्या राज्यांच्या बळकटीसाठी मुली दिल्या-घेतल्या गेल्या, ती राज्ये नकाशावरून पुसली गेली. चिमणाबाईंनी हेही पाहिले. १९५८ च्या ऑगस्ट महिन्यात, वयाच्या सत्त्याऐंशीच्या सुमारास, त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या चार अपत्यांपैकी त्या दिवशी हयात होती ती एकटी इंदिराराजे.